पावाच्या दुकानापर्यंत एकटी

माझी मुलगी सात वर्षांची झाली तरी तिच्या हातात पांढरी काठी द्यायला मी तयार नव्हतो. त्यासाठी माझ्याकडे कारणं बरीच होती. ती अजून लहान आहे, काठी कुणाच्या तरी पायात जाईल, आणि मुख्य म्हणजे मी आहे ना. हे शेवटचं कारण खोटं नव्हतं. मी खरोखरच दिवसभर तिच्याबरोबर असायचो.

सिंगापूरला आम्ही आलो ते बायकोच्या नोकरीमुळे. ती संशोधक आहे. मी नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायचो. ती नोकरी सोडून मी तिच्या नोकरीवर नवऱ्याला मिळणाऱ्या पासवर आलो आणि घर सांभाळू लागलो. तिची प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेला, म्हणून आम्ही चोआ चू कांगमध्ये सातव्या मजल्यावर भाड्याने फ्लॅट घेतला. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नाही. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, म्हणजे खिडकी कुठल्या बाजूला आहे आणि दिवा लागलाय की नाही, एवढंच.

सकाळी शाळेच्या बसपर्यंत, दुपारी बसपासून घरापर्यंत, संध्याकाळी खाली झोपाळ्यावर, रविवारी बाजारात, सगळीकडे ती माझा हात धरून चालायची. आम्ही इतके सरावलो होतो की पायरी आली हे मला बोलावं लागत नसे. मी हात किंचित उचलला की तिला कळायचं. माझी आई फोनवर म्हणायची, "तूच तिची आंधळ्याची काठी रे बाबा." आणि मला, खरं सांगतो, ते ऐकून बरं वाटायचं.

मग शाळेत पालकांची भेट होती. वर्गशिक्षिकेने आधी तिच्या ब्रेलचं कौतुक केलं, गणिताचं केलं, आणि शेवटी जरा थांबून एक गोष्ट सांगितली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की बाकीची मुलं कँटीनकडे पळतात. आमची मुलगी खुर्चीतच बसून राहते आणि उजवा हात थोडा पुढे करून ठेवते. कोणीतरी येऊन तो धरेपर्यंत ती उठत नाही. एकदा सगळे विसरले, तेव्हा ती पूर्ण सुट्टीभर तशीच बसली होती. रडली नाही, तक्रार केली नाही. विचारलं तर इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आय वेटिंग, लाह."

घरी येताना बसमध्ये मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसून काहीतरी गुणगुणत होती. घरात शिरल्यावर, चपला काढता काढता बायको म्हणाली, "उद्या मी अंधांच्या संस्थेला फोन करणार आहे. काठी शिकवणाऱ्या बाईंना बोलावणार आहे. तुला विचारत नाहीये, सांगतेय."

मी तिघांच्याही चपला उचलून रॅकवर ओळीने लावल्या.

दोन आठवड्यांनी टीचर आल्या. साठीच्या आसपासच्या चिनी बाई, बुटक्या, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर शाळकरी मुलासारखी सॅक. नाव सांगितलं, पण मुलगी त्यांना टीचर म्हणू लागली आणि मग आम्हीही. त्यांनी सॅकमधून दोन घडीच्या काठ्या काढल्या. आत रबरी दोरी असते. हातातून सोडली की चार तुकडे खटखट एकमेकांत बसतात आणि सरळ काठी होते. तो आवाज मुलीला इतका आवडला की तिने काठी पाच-सहा वेळा दुमडून पुन्हा जोडली. छोटी काठी तिच्या छातीपर्यंत येत होती. दुसरी मोठी होती, आणि ती टीचरनी माझ्यापुढे धरली. बरोबर एक काळी पट्टी.

"डॅडी फर्स्ट," त्या म्हणाल्या.

मला वाटलं गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या.

आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर एका बाजूने उघडा, कठड्याचा. मी तो रोज दहा वेळा चालत असे. डोळ्यांवर पट्टी बांधून मी दारातून बाहेर पडलो आणि तिसऱ्या पावलाला शेजारच्या मलय आजींच्या कुंडीवर आपटलो. मग त्यांच्या चपलांच्या रॅकवर. कठडा माझ्या छातीएवढा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी आता तो नाहीच आणि पुढचं पाऊल थेट सातव्या मजल्यावरून खाली पडणार, असं वाटायला लागलं. मी काठी विसरून डावा हात पुढे केला आणि हवेत चाचपडू लागलो. मागून मुलगी हसायला लागली.

"बाबा, हात नको ना. काठी."

लिफ्टपर्यंत पोचलो असं वाटलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. पट्टी काढली तर मी लिफ्टपासून चार हात अलीकडेच थांबलेलो. टीचर म्हणाल्या की आता मी मुलीशी काठीबद्दल बोलायला लायक झालो. त्या हे हसून म्हणाल्या, पण मला ते लागलं, आणि ते योग्यच होतं.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शनिवारी त्या यायच्या. शिकवायचं ते ऐकायला अगदी साधं. काठी हातात घेतल्यासारखी घ्यायची, पकडल्यासारखी नाही. अंगठा वर, तर्जनी दांड्यावर सरळ खाली. हात बेंबीसमोर, आणि तिथेच राहायचा. हलायचं ते फक्त मनगटाने. काठीचं टोक जमिनीवरून डावीकडे-उजवीकडे सरकत जातं, खांद्यांपेक्षा जरासं रुंद. उजवा पाय पुढे जातो तेव्हा टोक डावीकडे असतं, म्हणजे डावा पाय जिथे पडणार ती जागा काठीने आधीच बघून ठेवलेली असते. मुलीला हे समजायला दोन मिनिटं लागली आणि जमायला दोन महिने. पाय आणि काठी एकाच बाजूला जायची, मग ती थांबायची, जीभ बाहेर काढायची, पुन्हा सुरुवात.

सराव खाली व्हॉइड डेकमध्ये चालायचा. इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला असा मोकळा असतो, नुसते खांब, पोस्टाच्या पेट्या, सिमेंटची टेबलं. दुपारी तिथे म्हातारे लोक बसलेले असत. मी पहिल्या दिवसापासून मुलीच्या बाजूने चालत होतो आणि सारखा बोलत होतो. खांब आला, सायकल आहे, जरा डावीकडे. तिसऱ्या वेळी टीचरनी मला एका सिमेंटच्या टेबलाकडे नेलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की आता तोंड उघडायचं नाही. खांब काठीला सांगू दे. काठी बोलते ते मुलीला माझ्या आवाजात ऐकू येत नाही.

तोंड बंद ठेवायचं म्हणजे हाताला काहीतरी काम हवं. मी घरी बसून आमच्या ब्लॉकचा, म्हणजे इमारतीच्या तळमजल्याचा, नकाशा करायला घेतला. जाड पुठ्ठा, त्यावर भिंतींसाठी सुतळी चिकटवलेली, खांबांसाठी मसूर, लिफ्टसाठी बटण. मोजपट्टी घेऊन खाली जाऊन मापं घेतली, स्केल धरलं, अगदी विद्यार्थ्यांना शिकवत होतो तसं. चार दिवस लागले. मुलीने तो मांडीवर घेऊन बोटं फिरवली आणि म्हणाली, "हे चुकलंय."

मी विचारलं काय चुकलं. ती म्हणाली की पेट्यांच्या शेजारी मोठा पंखा घोंघावतो, तो यात नाही. पुढे कोपऱ्यावर एकदम वारा लागतो, तोही नाही. आणि कचऱ्याच्या खोलीच्या दरवाजाचा वास कुठाय? मी खाली जाऊन बघितलं. पंखा होता. भिंतीमागच्या कुठल्याशा यंत्राचा होता आणि मला दोन वर्षांत तो कधी ऐकू आला नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून नकाशा दुरुस्त केला. पंख्यासाठी कापूस, वाऱ्यासाठी सँडपेपर. वासासाठी ती म्हणाली लसणाची पाकळी लाव, पण बायको नको म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात टीचर तिला इमारतीबाहेर घेऊन जाऊ लागल्या. बाहेरची खरी भीती म्हणजे गटारं. इथे पदपथाच्या कडेने पावसाच्या पाण्याची सिमेंटची गटारं जातात. स्वच्छ असतात, पण काही माझ्या कमरेइतकी खोल, आणि सगळ्यांवर जाळी नसते. काठीचं टोक कडेवरून खाली घसरलं की तिथल्या तिथे थांबायचं, काठीने खोली बघायची, मागे यायचं. एवढंच. टीचर एकाच गटाराशी तिला पंधरा-पंधरा वेळा नेत. मी दहा पावलं मागून चालत असे. तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर मला परवानगी मिळाली होती.

एका शनिवारी ती गटाराच्या दिशेने जरा भराभर गेली. काठीचं टोक कडेवरून खाली गेलं, ते तिला कळलं, ती थांबत होती. आणि मी मागून ओरडलो, "थांब!"

ती थांबली नाही. माझा आवाज मागून आला म्हणून ती आवाजाच्या दिशेने गर्रकन वळली. वळताना पाय कडेवर पडला, घसरला, आणि ती एका गुडघ्यावर आपटली. तिचा एक पाय गटारात लोंबत होता. टीचरनी तिचा दंड आधीच धरला होता. गुडघा सोलला, रक्त आलं. मी धावलो, तिला उचलून घ्यायला वाकलो, तर ती मला म्हणाली, "मला कळलं होतं बाबा. मी थांबतच होते."

टीचर रागावल्या नाहीत. शेजारच्या बाकावर बसून त्यांनी गुडघा पुसला, पट्टी लावली, आणि मुलीला पुन्हा त्याच गटाराशी नेऊन अजून तीनदा थांबायला लावलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या शनिवारपासून मी घरीच थांबायचं. त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाल्या, आई-वडिलांचा आवाज मुलांना सगळ्यात मोठा ऐकू येतो, त्यात बिचाऱ्या काठीचं काय चालणार.

त्या रविवारी मी मुलीची माफी मागितली. तिने विचारलं, कशाबद्दल? मी सांगितलं. ती म्हणाली, "ओके, लाह," आणि गुडघ्यावरची पट्टी ओढायला लागली. माझ्यासाठी ते इतक्यात मिटलं नाही. पुढचे कितीतरी शनिवार मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, घासलेलीसुद्धा. उरलेल्या वेळात नकाशाला पुठ्ठा जोडून तो शेजारच्या ब्लॉकपर्यंत वाढवला आणि गटारंही सुतळीने चिकटवली.

शाळेत मात्र फरक दिसू लागला होता. वर्गशिक्षिकेने वहीत लिहून पाठवलं की मुलगी आता मधल्या सुट्टीत उठते, भिंतीच्या कडेकडेने कँटीनपर्यंत एकटी जाते, आणि परवा तर तिने एका नव्या मुलालाही बरोबर नेलं. बायकोने ते पान मला दोनदा वाचायला लावलं.

वर्ष संपत आलं तेव्हा टीचरनी जाहीर केलं की आता मुलगी शेजारच्या ब्लॉकखालच्या दुकानातून पाव घेऊन येईल. एकटी. रस्ता ओलांडायचा नव्हता. लिफ्टने खाली, व्हॉइड डेकमधून छप्पर असलेल्या पायवाटेवर, ती वाट सरळ पुढच्या ब्लॉकला जाते, तिथे वासाने दुकान सापडतं. टीचरबरोबर तिने हे वीसेक वेळा केलं होतं. टीचर दुकानाजवळच्या कॉफीशॉपमध्ये बसून लांबून लक्ष ठेवणार होत्या, पण मुलीला जाणवणार नाही अशा. मी वर थांबायचं, आणि फोनही करायचा नाही.

शनिवारची सकाळ होती. बायकोला प्रयोगशाळेत जावंच लागलं. कुठल्यातरी मशीनची वेळ तिला मिळाली होती आणि ती सोडता येत नव्हती. नऊ वाजता मुलगी काठी घेऊन निघाली. पाठीला लहान सॅक, त्यात पैशांचं पाकीट. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी कठड्याशी जाऊन उभा राहिलो. तिथून, जरा तिरकं, छपराखालच्या वाटेचा थोडा भाग दिसतो, दोन इमारतींच्या मधला.

तेव्हाच मला ते दिसलं. वाटेच्या मध्यावर लाल-पांढरे प्लास्टिकचे अडसर लावलेले होते. रंगकामाची परांची उभारत होते. काल संध्याकाळपर्यंत तिथे काहीही नव्हतं.

मी टीचरना फोन लावला. वाजत राहिला. नंतर कळलं की मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी त्याचा आवाज बंद करून तो सॅकमध्ये टाकला होता. लिफ्टकडे धावावं असं वाटलं, आणि तेवढ्यात ती खाली दिसली. वरून इतकी लहान दिसत होती. काठी डावीकडे, उजवीकडे. अडसराला टोक लागलं आणि ती थांबली.

तिने काठीने अडसर वरपासून खालपर्यंत बघितला. मग बाजूने. तो वाटेच्या दोन्ही कडांपर्यंत होता. उजवीकडे गवत, आणि गवताच्या पलीकडे गाड्या उभ्या करायची जागा आणि तेच गटार. माझ्या तोंडात तिचं नाव आलं होतं. सातव्या मजल्यावरून हाक मारली असती तर तिला नक्की ऐकू गेली असती. मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. शेजारच्या मलय आजी कुंडीला पाणी घालायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं, आणि पाण्याचा मग तसाच हातात धरून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

परांचीजवळचा एक कामगार तिच्याकडे आला. काहीतरी बोलला आणि हात लांब करून गाड्यांच्या दिशेने दाखवू लागला. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने हात खाली घेतला आणि डोकं खाजवलं. त्याने तिच्या दंडाला धरून ओढायला सुरुवात केली तेव्हा तिने हात सोडवून घेतला. भांडून नाही, हळूच. ती वळली आणि आली त्या वाटेने चार खांब मागे गेली. तिथे एका खांबाला हात लावून उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, आता ती परत येईल. मनातल्या मनात मी म्हणत होतो, ये परत, पाव नको आपल्याला.

ती परत आली नाही. खांब सोडून ती गवताच्या बाजूला वळली, गाड्यांच्या बाजूच्या पदपथावर उतरली, आणि काठीने गटाराची कड शोधली. मला वरून स्वच्छ दिसलं: टोक खाली गेलं, ती थांबली, अर्धं पाऊल मागे आली. मग कडेवर काठी ठेवून, गटार उजव्या हाताला ठेवत, ती सावकाश पुढे निघाली आणि झाडांखाली दिसेनाशी झाली.

त्यानंतरची वीस मिनिटं मला आठवत नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मलय आजींनी आतून स्टूल आणून दिलं. मी बसलो नाही. त्या माझ्याशी मलयमध्ये काहीतरी बोलत राहिल्या, मला शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबू नये असं वाटत होतं.

लिफ्टची घंटा वाजली. मग कॉरिडॉरमधून काठीचा आवाज, सर्र-टक्, सर्र-टक्. मी हललो नाही. ती आली, आजींच्या कुंडीला वळसा घातला, आमच्या दारासमोर थांबली आणि काठीने पायपुसणं शोधलं.

"बाबा, वाट बंद होती," ती म्हणाली. "एक अंकल मला ओढत होते. मग मी टीचरनी सांगितलं तसं केलं. हरवलं की शेवटची ओळखीची जागा असते तिथे परत जायचं. तिथे उभं राहून विचार करायचा."

"काय विचार केलास?"

"तुझ्या नकाशाचा. गटार दुकानाच्या मागून जातं. सुतळी तिकडेच वळते."

सॅकमध्ये पाव होता, जरा दबलेला. दुकानातल्या बाईंनी एक बिस्किटाचा पुडा फुकट दिला होता आणि तो तिने वाटेत उघडला होता. मी तिच्यापुढे खाली बसलो. तिने माझ्या चेहऱ्यावर हात फिरवला, तो ओला लागला, आणि तिने हात माझ्या शर्टाला पुसला. आजी हसत होत्या. उरलेलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं आणि आत गेल्या.

बायकोला फोन केला. एवढंच म्हणालो, "आली." ती म्हणाली की तिने ते मशीन अजून सुरूच केलं नव्हतं, तासभर ती नुसती समोर बसून होती. आता करते म्हणाली, आणि रडायला लागली, आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो.

थोड्या वेळाने टीचरही वर आल्या. वाट बंद दिसल्यावर कॉफीशॉपमधून उठून त्या खांबाआडून सगळं बघत होत्या. चहा घेतला, पावाला लोणी लावून खाल्लं. पुढच्या महिन्यापासून मंगळवारी यायची गरज नाही म्हणाल्या.

दुपारी बायको परतल्यावर जेवून मी आडवा झालो. दिवसा झोपायची मला सवय नव्हती. मुलगी घरात असताना तर नव्हतीच. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. घर शांत होतं. फ्रिजवर बायकोची चिठ्ठी होती: दोघी खाली झोपाळ्यावर आहोत, तू झोप.

मी चहा टाकला. उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभा राहिलो, मग कप घेऊन खिडकीत बसलो आणि सावकाश, गरम असतानाच, सगळा प्यायलो.